चार हजारांची फौज टेबलावर कशी लढवायची

प्रश्न जतच्या एका डीएमचा, म्हणजे खेळात गोष्ट सांगणाऱ्या आणि नियम सांभाळणाऱ्या माणसाचा आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती, पाच प्लेअर, सगळे सातव्या लेव्हलला: विझर्ड (जादूगार), पॅलाडिन (धर्मयोद्धा), रेंजर (रानवाटांचा जाणकार), रोग (चोरपावलांचा लढवय्या) आणि क्लेरिक (पुजारी). कॅम्पेन, म्हणजे महिनोन्महिने चालणारी गोष्ट, अशा टप्प्यावर आलंय की घाटमाथ्यावरच्या किल्ल्यावर चार हजार ऑर्क (खेळातले राक्षसी लढवय्ये) चाल करून येणार आणि आत लढणारे जेमतेम सहाशे. अंदाज घ्यायला म्हणून त्यांनी ऐंशी ऑर्क मॅपवर मांडून पाहिले. चार तासांत दोन राऊंड, म्हणजे प्रत्येकाच्या दोन पाळ्या, झाल्या आणि प्लेअर मोबाइलमध्ये शिरले. आता त्यांचं विचारणं असं, की ही लढाई खेळवायची कशी? का निकाल सरळ गोष्टीत सांगून पुढे जायचं?

निकाल सांगून पुढे जाऊ नका. ज्या किल्ल्यासाठी प्लेअर इतके महिने झटले, त्याचं काय झालं हे त्यांना नुसतं ऐकायचं नसतं, स्वतःच्या हातांनी घडवायचं असतं. पण ऐंशी ऑर्क एकेक करून हलवायची वाट चार हजारांपर्यंत पोचत नाही. पाचव्या आवृत्तीतला एक राऊंड सहा सेकंदांचा. सकाळी पेटलेली आणि दुपारी निकालात निघालेली सहा तासांची लढाई म्हणजे ३,६०० राऊंड. हे नियम खोलीतल्या, गल्लीतल्या, फार तर जंगलातल्या झटापटीसाठी घडवलेले आहेत आणि तिथे ते उत्तम चालतात.

खरं तर या खेळाचा उगमच युद्धखेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये तो आणला. त्याच्या तीन वर्षं आधी छापलेल्या मध्ययुगीन लढायांच्या नियमांत एक बाहुली वीस सैनिकांच्या जागी उभी असायची. पुढे एक बाहुली म्हणजे एकच माणूस झाला, त्याला नाव मिळालं, स्वभाव मिळाला. मोठी लढाई खेळवताना आपल्याला पुन्हा त्या वीसच्या हिशेबाकडे जायचं असतं, पण नाव असलेला माणूस हातचा जाऊ न देता. सगळी कसरत एवढीच आहे.

मी साताऱ्यात बरीच वर्षं टेबल चालवतोय आणि मोठ्या लढाया हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. त्यातली मुख्य गोष्ट आधी सांगतो, बाकीचं सगळं तिच्यातून निघतं. फौज मरून संपत नाही, मोडून संपते.

पानिपत आपल्याला कुणी सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ ला दुपारपर्यंत मराठ्यांची बाजू जड होती. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली होती. मग अब्दालीने राखून ठेवलेले ताजे लोक पुढे घातले, विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. लांबून पाहणाऱ्यांना दिसली ती रिकामी अंबारी. त्या घडीला मैदानात हजारो धडधाकट लढवय्ये उभे होते, तरी फळी फुटली. त्याच्या दोनशे वर्षं आधी, १५६५ च्या जानेवारीत, आपलीच कृष्णा खाली कर्नाटकात वाहते त्या मुलखात तालिकोटची लढाई झाली. रामराया पकडला गेला, त्याचं मस्तक भाल्यावर चढवून दाखवलं गेलं आणि विजयनगरची अफाट फौज पांगली.

उलटही घडतं. १६८७ मध्ये वाईजवळ सर्जाखानाशी लढताना हंबीरराव मोहिते तोफेच्या गोळ्याने पडले. तळबीडचे हे सरनोबत म्हणजे स्वराज्याचा केवढा आधार. तरी त्यांची माणसं मोडली नाहीत, ती लढाई मराठ्यांनी मारली. म्हणजे सरदार पडला की फौज मोडतेच असं नाही, मोडू शकते. जे घडू शकतं पण घडेलच असं नसतं, तिथे फासा टाकायचा. म्हणून माझ्या टेबलावर लढाईत मेलेले सैनिक मोजत नाहीत. हिंमत मोजतात.

सामान घरातलंच लागतं. कॅरमच्या सोंगट्या काढा. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. एक सोंगटी म्हणजे एक तुकडी. तुमच्या लढाईत ऑर्कांच्या आठ काळ्या, प्रत्येकीत पाचशे. किल्ल्याच्या सहा पांढऱ्या, प्रत्येकीत शंभर. राणी जिथे ठेवाल तिथे किल्ल्याचं निशाण. प्रत्येक सोंगटीशेजारी चिंचोके मांडा, ती तिची हिंमत: कालपरवा गावातून आलेल्यांना दोन, पगारी शिपायांना तीन, जुन्या कसलेल्यांना चार, किल्लेदाराच्या खास लोकांना पाच. ऑर्कांनाही याच मापाने द्या. शिवाय प्रत्येक तुकडीला शून्य ते पाच असा जोर लिहून ठेवा, हत्यार आणि सराव बघून. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे माळ्यावर पडले असतील तर तेही काढा आणि सरदारांच्या जागी उभे करा. कुठला सरदार कुठे आहे ते एका नजरेत कळतं, आणि टेबलाला जी शोभा येते ती वेगळीच.

दोन तुकड्या भिडल्या की दोघींचा वीस बाजूंचा फासा, त्यात आपापला जोर. उंचावर किंवा तटाआड असलेल्या तुकडीला वर पाच. जिचा आकडा कमी तिचा एक चिंचोका जातो. फरक पाच किंवा जास्त असेल तर दोन, दहा किंवा जास्त असेल तर तीन. बरोबरी झाली तर दोघींचा एकेक. चिंचोके संपले की ती तुकडी फुटली, सोंगटी उलटी करा. आणि मग खरी गोष्ट: ती फुटताना ज्यांनी ज्यांनी पाहिली, त्या प्रत्येक तुकडीने फासा टाकायचा, त्यात स्वतःचे उरलेले चिंचोके मिळवायचे. दहाच्या खाली आला की एक चिंचोका गमवायचा. कधी कधी एका घटकेत सगळी बाजू अशी घरंगळते की टेबलाभोवतीचे सगळे उठून उभे राहतात. हा परिणाम नियमाच्या चार ओळींतून येतो, वर्णनाच्या चार पानांनी येत नाही.

घटका हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. लढाईच्या एका फेरीला एक घटका धरा, चोवीस मिनिटं. टेबलावरही एका फेरीला साधारण तेवढाच वेळ जातो, त्यामुळे घड्याळ आणि लढाई बरोबर चालतात. सात घटकांत एक सेशन, म्हणजे खेळाची एक बैठक, भरतं आणि कथेत जवळजवळ एक प्रहर उलटतो.

आता चिंचोके कशाने जातात आणि कशाने परत येतात हे ठरवा, कारण तुमचे पाच प्लेअर नेमके तिथेच कामाला येणार आहेत. सरदार पडला, निशाण खाली आलं, पाठीमागून गलका झाला, छावणीतून धूर निघाला, शेजारचे पळाले, कुणीतरी ओरडलं की धनी गेला: या प्रत्येक वेळी फासा. उलट सरदार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पुढे झाला, ताजी कुमक आली, शत्रूची एखादी फळी पाठ दाखवून पळाली, लढाईच्या मध्येच कुणी पाण्याच्या पखाली घेऊन आलं, तर चिंचोका परत. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जला, १४ ऑक्टोबर १०६६ ला, नॉर्मन सैन्यात आवई उठली की ड्यूक विल्यम पडला. माणसं मागे फिरायला लागली. तेव्हा विल्यमने शिरस्त्राण वर करून आपला चेहरा दाखवला आणि फळी सावरली. तुमचा पॅलाडिन हे करू शकतो, बाण चालू असताना शिरस्त्राण काढून तटावर उभा राहू शकतो. त्याच्यासाठी यापेक्षा मोठा पराक्रम कुठल्या राऊंडमध्ये सापडणार?

त्याच लढाईतून आणखी एक नियम घ्या. टेकडीवर ढालीला ढाल लावून उभे असलेले इंग्रज मजबूत होते. समोरचे पळताहेत असं वाटून त्यांच्यातले काही उताराला धावले आणि खाली गाठून कापले गेले. म्हणून समोरची तुकडी फुटली की जिंकणाऱ्या तुकडीलाही फासा टाकायला लावा. बारा किंवा वर आला तर जागा धरून राहते, नाही तर पाठलागाला सुटते आणि तिची जागा मोकळी पडते. जिंकताना जो गोंधळ होतो तो बहुतेक डीएम विसरतात.

तुमचा घाट आता जरा बारकाईने बघू, कारण तिथे आकडे फार बोलके आहेत. घाटाची वाट दोन जण शेजारी चालतील एवढी धरा. चार हजार म्हणजे दोन हजार ओळी. प्रत्येक ओळीला पाच फूट धरले तर रांग होते दहा हजार फुटांची, तीन किलोमीटरच्या वर. त्यात अजून ओझ्याची जनावरं नाहीत. पुढचा ऑर्क दरवाज्याशी पोचतो तेव्हा शेवटचा पायथ्याला उभा असतो आणि चढाला त्याला तासभर तरी लागणार. म्हणजे चार हजारांशी लढायचा प्रसंग तुमच्या किल्ल्यावर येतच नाही. दरवाज्यासमोरच्या सपाटीवर जेवढे मावतील तेवढ्यांशीच गाठ पडते, फार तर शंभरांशी. आठ काळ्या सोंगट्यांपैकी एका वेळी एकच भिडेल, बाकीच्या वाटेवर खोळंबलेल्या. बाजीप्रभूंनी १३ जुलै १६६० ला घोडखिंड कशी रोखून धरली याचं एक मोठं कारण खिंडीच्या रुंदीत आहे. १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला दोन्ही बाजूंच्या झाडीमुळे मैदान अरुंद होतं, पावसाने चिखल झालेला, आणि संख्येने जास्त असलेले चिलखती फ्रेंच एकमेकांच्याच दाटीत अडकले.

पण यातून किल्ला सुरक्षित झाला असं समजू नका. ऑर्कांच्या म्होरक्याला हे सगळं तुमच्याइतकंच कळतं. पहिल्या दोन घटका तो समोरून रेटून बघेल आणि मग दुसरी वाट शोधेल. कड्यातली चोरवाट, गुराख्यांची पायवाट, पाण्याच्या टाक्यांकडे उतरणारी घळ. तुमच्या लढाईचं कथानक हेच आहे: समोर तटून राहायचं आणि दुसरी वाट त्याच्या आधी शोधायची. रेंजर आणि रोग यांना आदल्या सेशनलाच त्या वाटा हुडकायला पाठवा. त्यांनी जेवढ्या शोधल्या तेवढ्या त्यांना मॅपवर स्वतः काढू द्या. न सापडलेली एखादी तुमच्या वहीत असू द्या.

जमल्यास सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना घेऊन एखादा गड चढा. साताऱ्याला आलात तर अजिंक्यतारा शहराला लागूनच आहे. वर तटाजवळ उभं राहून खाली बघा: रस्ते दिसतात, वर्दळ दिसते, पण चालणारा माणूस कोण, आपला की परका, हे ओळखू येत नाही. प्रतापगडावर गेलात तर जावळीच्या रानाकडे बघा. झाडीखाली हजार माणूस बसलं तरी वरून दिसणार नाही. शिवकाळातल्या किल्ल्यांचे दरवाजे दोन बुरुजांच्या कवेत, वळणाआड असतात. हत्तीला किंवा ओंडक्याला धाव घेऊन धडक मारायला जागाच मिळत नाही. असा दरवाजा एकदा पायांनी चालून गेलेला प्लेअर पुढे कधीही नुसतं ‘मी गेटवर उभा राहतो’ असं म्हणत नाही. तो विचारतो, कुठल्या बुरुजावर?

दिसण्यावरून हुकमाकडे येतो. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाचा वध झाल्यावर गडावरून तोफेचा इशारा झाला आणि रानात दबा धरून बसलेल्या मराठ्यांनी खालच्या छावणीवर झडप घातली. सगळा बेत आधी ठरलेला, इशारा फक्त एक. त्या काळात लढाई सुरू झाली की सेनापतीच्या हातात तोफ, कर्णा, नौबत, निशाण आणि घोड्यावरचा हलकारा, एवढंच. म्हणून टेबलावर कडक नियम ठेवा. लढाईआधी प्लेअरांनी तीन इशारे ठरवायचे, प्रत्येकाचा अर्थ कागदावर लिहायचा. लढाईत ते इशारे लगेच पोचतात. त्यापलीकडचा कुठलाही हुकूम हलकाऱ्याकडून, म्हणजे एक घटका उशिरा. आणि हलकाऱ्यासाठी फासा टाकायचा, तो मधेच गाठला जाऊ शकतो. या एका नियमाने प्लेअर आदल्या रात्रीचा बेत किती जीव लावून करतात ते बघा. मंत्राने दुरून बोलता येणारा क्लेरिक किंवा विझर्ड असेल तर त्याची किंमत अचानक सोन्याची होते, आणि शत्रूच्याही ते लक्षात येतं.

पाण्याबद्दल तुम्हा जतकरांना मी काय सांगू. उमराणी तुमच्याच तालुक्यात. १६७३ च्या एप्रिलमध्ये प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाची फौज तिथे गाठली आणि पाण्यावर कब्जा केला. उन्हाने आणि तहानेने खान टेकीला आला आणि त्याने तह मागितला. त्याच्या कितीतरी आधी, जुलै ११८७ मध्ये, पॅलेस्टाइनमधल्या हत्तीन या ठिकाणी सलाउद्दीनने क्रुसेडरांना (युरोपी ख्रिस्ती फौजेला) पाण्यापासून तोडलं होतं. ते लढायला उभे राहिले तेव्हाच अर्धे हरलेले होते. तुमच्या घाटाच्या पायथ्याला एक झरा ठेवा, वर वाटेत पाणी नाही असं ठरवा. तहानलेल्या तुकडीचा दर दोन घटकांना एक चिंचोका जातो. किल्ल्यावर टाकं आहे, पण सहाशे लढवय्ये आणि आसऱ्याला आलेलं गाव यांना ते किती दिवस पुरेल हा हिशेब प्लेअरांसमोर मांडा. तोफा-बंदुका काढून त्यांच्या जागी जादू आणली तरी पाणी, वाट आणि हिंमत बदलत नाही. म्हणून सतराव्या शतकातल्या लढायांची उदाहरणं मी मध्ययुगीन खेळाला बिनदिक्कत वापरतो.

जादूचं म्हणाल तर सगळ्यांना धास्ती फायरबॉलची, आगीचा गोळा फेकणाऱ्या मंत्राची असते: विझर्ड एका झटक्यात फौज जाळून टाकेल. हिशेब करा. वीस फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्र साधारण साडेबाराशे चौरस फूट. पाच बाय पाच फुटाला एक ऑर्क धरला तर त्यात पन्नास सापडतात. सातव्या लेव्हलच्या विझर्डकडे तिसऱ्या पातळीचे तीन आणि चौथीचा एक स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायची मोजकी संधी. सगळे फायरबॉलवर उधळले आणि प्रत्येक वेळी सगळे पन्नास मेले तरी दोनशे. चार हजारांतले दोनशे. फौज तशीच उभी. मात्र अरुंद वाटेवर आगीचा गोळा फुटताना पाहिलेली तुकडी सरळ दोन चिंचोके गमावते, आणि तिथे फायरबॉल लढाई फिरवतो. शिवाय त्याचा पल्ला दीडशे फूट, लाँगबोचा, मोठ्या धनुष्याचा, लांबचा पल्ला सहाशे. एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) पंधराच्या विझर्डवर फाशात तीन मिळवणारे वीस तिरंदाज लांबून, डिसअ‍ॅडव्हान्टेजने, म्हणजे दोन फाशांतला कमी आकडा धरून, बाण सोडतील तर सरासरी चार लागतात. प्रत्येक बाणाने साडेपाच हिट पॉइंट (जीव मोजायचे आकडे) गेले असं धरलं तर बावीस. सातव्या लेव्हलच्या विझर्डचे हिट पॉइंट चाळीस-पंचेचाळीस असतात. दोन सरी आल्या की तो आडवा होतो. शील्डचा स्पेल हाताशी असेल तर तग धरेल, पण तोही स्लॉट खातोच. म्हणून विझर्डभोवती ढालकरी कोण, हा प्रश्न लढाईआधी विचारायला लावा.

मध्यम आकाराच्या झटापटीत, म्हणजे दहा-वीस ऑर्क एकाच कॅरेक्टरवर, प्लेअरच्या पात्रावर, तुटून पडले तर, प्रत्येकाचा फासा टाकू नका. डीएमच्या मार्गदर्शिकेत जमावाच्या हल्ल्याचा तक्ता आहे. लागायला बारा हवे असतील तर दर दोघांमागे एक वार लागला असं धरायचं, पंधरा-सोळा हवे असतील तर दर चौघांमागे एक. तुमची ऐंशी ऑर्कांची अडचण यानेच निम्मी सुटली असती.

सांगाडे, प्रेतं वगैरेंच्या फौजेला मात्र हिंमत लावू नका. ती पळत नाही. तिचे सगळे चिंचोके तिला उठवणाऱ्या मांत्रिकापाशी ठेवा.

आता कॅरेक्टर. मोठ्या लढाईत डीएम दोन टोकांना जातात. एक तर प्लेअर सोंगट्या हलवणारे सेनापती होतात आणि आपलं कॅरेक्टर विसरतात, नाही तर ते कोपऱ्यात चार ऑर्कांशी झुंजत बसतात आणि लढाई डीएम एकटाच खेळतो. यातून वाट काढायची ती अशी. प्रत्येक घटकेच्या सुरुवातीला तीन बातम्या द्या, तिन्ही निकडीच्या, आणि प्लेअर जास्तीत जास्त दोन ठिकाणी पोचू शकतील अशा. ज्या ठिकाणी ते जातात तिथे तीन-चार राऊंडचा छोटा प्रसंग नेहमीच्या नियमांनी खेळा, समोर पाच ते आठ शत्रू. प्रसंग जिंकला तर तिथल्या तुकडीच्या फाशाला वर पाच, किंवा एक चिंचोका परत. हरला तर तेच शत्रूला. जिथे कुणी गेलं नाही तिथे नुसता फासा बोलतो.

तुमच्या लढाईतली तिसरी घटका घेऊ. बातम्या अशा: दरवाज्यावर ऑर्कांनी ओल्या कातड्यांचं छत डोक्यावर धरून ओंडका आणलाय, आणि तिथल्या तुकडीचा एकच चिंचोका उरलाय. टाक्याजवळ दोन माणसं मरून पडलेली सापडली, म्हणजे कुणीतरी आत शिरलंय. आणि मागच्या कड्यावरचा नजरबाज सांगतो, खाली दोरांची हालचाल दिसते. पॅलाडिन आणि क्लेरिक दरवाज्याकडे धावतील हे जवळपास ठरलेलं. रोगला टाकं खुणावतं. कड्यावर रेंजर एकटी जाईल का? का विझर्डला घेऊन, म्हणजे दरवाज्यावर आग नाही? इथे टेबलावर जी बोलाचाली होते ती थांबवू नका, पण पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ उलटं करा. ठरलं नाही तर कुणीच कुठे पोचलं नाही. समजा ते दरवाजा आणि टाकं निवडतात. दरवाज्याचा प्रसंग जिंकतात, पांढऱ्या सोंगटीला पाच मिळतात, काळीचे दोन चिंचोके जातात. टाक्याजवळ रोग घुसखोराला गाठतो. कड्यावर कुणी नाही. तिथली गावकऱ्यांची तुकडी हिंमत दोनची. फासा पडतो तीन, ऑर्कांचा चौदा. तुकडी फुटते. पळत आलेल्या माणसांना पाहून बालेकिल्ल्यातली तुकडी फासा टाकते. आता चौथ्या घटकेच्या बातम्या तुम्हाला बसून रचाव्या लागत नाहीत, त्या आपोआप तयार झाल्या आहेत.

त्या कड्यावरच्या गावकऱ्यांना आधीच्या सेशनमध्ये चेहरे दिलेले असायला हवेत. प्रत्येक तुकडीत एक ओळखीचा माणूस ठेवा: पॅलाडिनला भाकरी देणारी म्हातारी जिच्याकडे गोफण आहे, रेंजरशी पैज लावणारा पोरगा, तोंडाने फाटका पण हाताने खंबीर जमादार. सोंगटी उलटी होते तेव्हा प्लेअर पहिला प्रश्न त्या माणसाचा विचारतात, आणि विचारतात तेव्हा तुमची लढाई जमली असं समजा.

वेढ्याबद्दल थोडक्यात, कारण ऑर्क कदाचित पहिल्या दिवशी मोडणार नाहीत. वेढा घटकांनी नाही, दिवसांनी खेळा, आणि लढाईपेक्षा दाणागोटा, सुरुंग, फितुरी यांच्याकडे लक्ष द्या. औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभू होते. मोगलांनी तटाखाली पेरलेल्या सुरुंगांपैकी एकाचा स्फोट उलटला, तट त्यांच्याच अंगावर आला आणि त्यांचेच शेकडो लोक गाडले गेले. तरी किल्ला हातून गेला. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं आणि एप्रिलमध्ये किल्ला मोगलांच्या हवाली झाला. तट पडूनही जे झालं नाही ते दूरच्या एका बातमीने झालं. तुमच्या वेढ्यातही बाहेरून येणारी बातमी हा एक प्रसंग ठेवा. ती प्लेअरांपर्यंत आधी येऊ द्या, आणि शिबंदीला सांगायची की दडवायची हे त्यांनाच ठरवू द्या.

ऑर्क मोडले तर सेशन तिथेच तोडू नका. जुन्या लढायांत सर्वांत जास्त माणसं फळी फुटल्यानंतर, पाठलागात मरत. घाटाच्या अरुंद वाटेवर हजारो जण एकमेकांना तुडवत उतरताहेत, आणि वर दरवाजा उघडून पांढऱ्या तुकड्या पाठलागाला सुटू बघताहेत. त्यांना सोडायचं का? पळणाऱ्यांत ऑर्कांची पोरं आणि ओझेवाले आहेत हे प्लेअरांना दिसू द्या. प्रत्येक फुटलेल्या पांढऱ्या सोंगटीसाठीही फासा टाका: दहाच्या वर आला तर निम्मे लोक रात्रीपर्यंत परत येतात, खाली आला तर मोजकेच. हे आकडे पुढच्या महिन्याच्या खेळात लागतात, कारण शेतं कुणी पेरायची आणि तट कुणी बांधायचा हे त्यांवर ठरतं.

राहिला तुमच्या पत्रातला शेवटचा मुद्दा, की लढाईत एखाद्याचं कॅरेक्टर लवकर मेलं तर तो प्लेअर तीन तास काय करणार. त्याला लगेच एक पांढरी सोंगटी द्या आणि तिच्या सरदाराचं नाव त्यालाच ठेवायला सांगा. फासे तो टाकेल, चिंचोके तो मोजेल, आणि पुढच्या घटकेच्या तीन बातम्यांपैकी एक त्या सरदाराच्या तोंडून येईल. लढाई संपली आणि सरदार जगला, तर पुढच्या सेशनला त्याचंच सातव्या लेव्हलचं पान, म्हणजे कॅरेक्टरच्या माहितीचा कागद, भरून आणायला सांगा.